भाकरी सोडावी की तेल सोडावे?



दिवसभराची कामे आटोपून तुम्ही इथे आलात. बायाही चूल-भांडी आवरून आल्या. तेव्हा मी पाल्हाळ लावणार नाही. आजचा विषय आपल्या रोजच्या ताटातला आहे. वाढलेले वजन उतरवायचे असेल, तर भाकरी-भात कमी करावा, की तेल-तूप कमी करावे?

कोणी म्हणेल, "आमच्या गावात लठ्ठ कोण आहे? तो शहरातल्या शेठजींचा आजार!" पूर्वी तसे होते खरे. चार भाकरी खाणारा गडी दिवसभर मोट हाकीत असे. बाई पहाटे उठून जात्यावर दळण दळीत असे. मग दोन कोसांवरून पाणी आणीत असे. आज बटण दाबले की पंप सुरू होतो. दळण गिरणीत जाते. बाजाराला जायचे तर दारात फटफटी आहे. हे चांगलेच झाले. पण काम कमी झाले आणि भाकरी चारच्या चारच राहिल्या. वर दिवसाला चार कप गोड चहा आला. पोरांच्या हातात वेफर आणि बिस्किटांचे पुडे आले. हे सगळे कुठे जाणार? ते कमरेभोवती साठते.

हा विषय मी का घेतला, तेही सांगतो. माझ्या ओळखीच्या एक आक्का आहेत. वय पन्नाशीचे. अंगाने जाड. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर काही पाहिले आणि सांगितले, "आक्का, भाकरी-भात एकदम बंद करा. महिन्यात दहा किलो उतरेल." आक्कांनी त्याच दिवसापासून भाकरी सोडली. नुसती भाजी आणि ताक. गोळ्या मात्र पहिल्यासारख्याच चालू ठेवल्या. पाचव्या दिवशी शेतात खुरपताना त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. त्या काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या आणि बांधावरच कोसळल्या.

नशीब, शेजारची बाई शहाणी होती. आक्का अजून शुद्धीवर होत्या. तिने घोटभर पाण्यात चार चमचे साखर विरघळवून त्यांना पाजली. थोड्या वेळाने त्या सावरल्या. मग त्यांना दवाखान्यात नेले.

झाले काय होते? मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनचे इंजेक्शन रक्तातली साखर खाली ढकलतात. पोटात अन्न आहे, असे धरून डॉक्टरांनी त्यांचे माप ठरवलेले असते. अन्न काढून घेतले आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर फार खाली जाते. तिथे जीवही जाऊ शकतो.

म्हणून म्हणतो, हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. नीट समजून घ्या.

अन्नात असते काय?

आपल्या अन्नात अंगाला बळ देणारे मुख्य पदार्थ तीन. पहिले पिष्टमय पदार्थ. त्यांना कर्बोदके असेही म्हणतात. भाकरी, भात, पोळी, पोहे, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, हे सारे त्यात आले. दुसरे स्निग्ध पदार्थ. म्हणजे तेल, तूप, लोणी, चरबी. शेंगदाण्यात आणि खोबऱ्यातही तेल भरपूर असते. तिसरी प्रथिने. ती डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतात.

अन्नातले बळ उष्मांकांत मोजतात. धान्य किलोत मोजतो, कापड मीटरमध्ये मोजतो, तसे हे माप. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात चार उष्मांक असतात. एक ग्रॅम प्रथिनांतही चारच. पण एक ग्रॅम तेलात किंवा तुपात नऊ! म्हणजे दुपटीहून जास्त.

आता दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐका. एक पक्ष म्हणतो, "तेलात उष्मांक जास्त. म्हणून तेल सोडा. भाकरी खा." दुसरा पक्ष म्हणतो, "भाकरी आणि साखरेने रक्तातली साखर चढते. लवकर भूक लागते. माणूस पुन्हा खातो. म्हणून भाकरी सोडा. अंडी, पनीर, मटण खा." दोघांचेही म्हणणे ऐकायला पटते. मग खरे कोणाचे?

जुन्या दोन गोष्टी

इंग्लंडात लंडन शहरी विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते. लोकांच्या अंत्ययात्रेची व्यवस्था लावणे हा त्यांचा धंदा. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ९२ किलोच्या आसपास. इतके जाड की वाकून बुटाचे बंद बांधता येत नसत. जिना उतरताना तोंड मागे करून उतरावे लागे. डॉक्टर हार्वे यांनी त्यांना पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडायला लावले. मांस, मासे, भाजी आणि फळे चालू ठेवली. वर्षभरात बँटिंग यांचे सुमारे २१ किलो वजन उतरले. १८६३ साली त्यांनी ही हकिकत एका लहान पुस्तकात छापली. ती इतकी गाजली की इंग्रजीत वजन उतरवण्याला 'बँटिंग करणे' असा शब्दच पडला. पुढे ते ८१ वर्षांचे होईपर्यंत जगले.

ही झाली भाकरी सोडणाऱ्याची गोष्ट. आता भात खाणाऱ्यांची ऐका.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर होते. ते मूळचे जर्मनीचे. १९३९ सालापासून त्यांनी रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना एक वेगळेच जेवण द्यायला सुरुवात केली. काय होते ते? भात आणि फळे! मीठ जवळजवळ नाही. तेल-तूपही जवळजवळ नाही. पुढे त्यांनी फार लठ्ठ माणसांनाही हेच जेवण मोजून दिले. १९७५ साली त्यांनी १०६ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यातल्या प्रत्येकाचे निदान ४५ किलो वजन उतरले होते.

पाहिलेत? एकाने पाव सोडला, त्याचे वजन उतरले. दुसऱ्यांनी भात खाल्ला, त्यांचेही उतरले. म्हणजे एकट्या-दुकट्याच्या गोष्टीवरून निकाल लागत नाही. बी-बियाण्याचे आपण काय करतो? एकाच रानात शेजारी शेजारी दोन वाफे करतो. एकात हे बी, दुसऱ्यात ते. मग सुगीला माप घेतो. माणसांचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते.

परीक्षेचा निकाल

तशी परीक्षा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने घेतली. तिचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. ६०९ जाड माणसे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने पिष्टमय पदार्थ कमी करायचे. दुसऱ्याने तेल-तूप कमी करायचे. सुरुवातीचे आठ आठवडे अगदी थोडे खायचे. पुढे जेवढे जन्मभर निभेल, तेवढे हळूहळू वाढवायचे. आणखी दोन गोष्टी दोन्ही गटांना सांगितल्या. साखर आणि मैदा टाळा. भाज्या भरपूर खा आणि जेवण घरी रांधा.

वर्षाने वजने घेतली. पिष्टमय पदार्थ कमी केलेल्यांचे सरासरी सहा किलो उतरले होते. तेल-तूप कमी केलेल्यांचे पाच किलो तीनशे ग्रॅम. सातशे ग्रॅमचा फरक! एवढ्या फरकावरून कोणी जिंकला, असे म्हणता येत नाही. कुस्ती बरोबरीत सुटली.

त्याआधी २००९ साली अशाच दुसऱ्या परीक्षेचा निकाल आला होता. तीत ८११ माणसे होती. त्यांना चार तऱ्हेची जेवणे दिली. कोणाला पिष्टमय पदार्थ जास्त, कोणाला कमी. सहा महिन्यांत सरासरी सहा किलो उतरले. वर्षानंतर वजन पुन्हा थोडे थोडे चढू लागले. दोन वर्षांनी पाहिले, तर चारही गट जवळपास सारखेच. पण एक गोष्ट मोठी मौजेची दिसली. त्या लोकांच्या नियमाने बैठका होत. जो बैठकीला येत राहिला, त्याचे वजन जास्त उतरले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

मग पहिल्या आठवड्यात एवढे वजन कसे उतरते?

भाकरी सोडणारा माणूस आठवड्यात दोन किलो हलका होतो. मग तो गावभर सांगत सुटतो. तो खोटे बोलत नाही. पण त्यातले गुपित ऐका.

आपल्या घरात कणगी असते. रोजचे धान्य आपण तीतून काढतो. शिवाय जुन्या काळी जमिनीत पेव असे. त्यात सालोसालचे धान्य पुरून ठेवीत. शरीरातही असेच दोन साठे आहेत. यकृतात आणि स्नायूंत पिष्टमय पदार्थांचा लहान साठा असतो. ती कणगी. अंगावरची चरबी म्हणजे पेव.

भाकरी बंद केली की आधी कणगी रिकामी होते. या कणगीतल्या दर एक ग्रॅम साठ्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपतो, तसे ते पाणीही लघवीवाटे निघून जाते. काट्यावर दोन किलो कमी दिसतात. पण त्यात पाणीच जास्त. पुन्हा दोन दिवस भात खाल्ला की ते वजन परत येते. पी हळद आणि हो गोरी, असे इथे होत नाही.

पेवातली एक किलो चरबी जळायला सुमारे ७,७०० उष्मांक लागतात. रोज ३०० उष्मांक कमी खाल्ले, तर सुरुवातीला साधारण महिन्याला एक किलो उतरेल. पुढे अंग हलके होते, तसा वेगही मंदावतो. त्याला घाबरू नये. धीर सोडू नये.

दोन्हींचे गुण-दोष

बरोबरी झाली म्हणून दोन्ही अगदी एकच, असेही नाही. पिष्टमय पदार्थ कमी केले, तर पहिल्या काही महिन्यांत वजन थोडे लवकर उतरते. मधुमेह असलेल्यांची रक्तातली साखरही खाली येते. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली करावे. गोळ्यांचे माप बदलावे लागते. आक्कांची गोष्ट विसरू नका. भाकरीच्या जागी लोणी आणि चरबीचे मटण भरमसाट खाल्ले, तर काहींच्या रक्तात हृदयाला वाईट अशी चरबी वाढते. शिवाय रोजच्या रोज अंडी, पनीर, मटण आणायला पैसा कोठून आणावा?

तेल-तूप कमी केले आणि ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या खाल्ल्या, तर पोट भरते आणि खर्चही बेताचा येतो. पण 'तेल नाही' म्हणून गोड बिस्किटे, पांढरा पाव आणि ताटभर भात खाल्ला, तर कसे उतरेल? आपल्यात म्हण आहेच, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळे पिष्ट. त्यात शेंगदाण्याचा कूट आणि तूप. असा उपास करून वजन चढते, उतरत नाही.

गुळाबद्दलही एक गैरसमज आहे. "साखर वाईट, गूळ चालतो," असे पुष्कळ जण म्हणतात. उष्मांकांच्या हिशेबात दोन्ही जवळजवळ सारखेच. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

आपल्या ताटाचे काय?

अमेरिकेची गोष्ट जशीच्या तशी आपल्याला लागू करून चालणार नाही. आपले अंगही वेगळे, ताटही वेगळे.

पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे याचा अभ्यास केला. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचाच हिशेब छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची शंभरात नऊ भाग निघाली आणि याज्ञिकांची एकवीस भाग! आपल्याकडची पुष्कळ माणसे अशी असतात. हातपाय काटकुळे, पण पोटात चरबी. म्हणून नुसता वजनकाटा पाहू नका. टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हा.

आता ताट पाहू. आपल्या देशात निम्म्याहून पुष्कळ जास्त उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. म्हणजे ताटात भाकरी-भाताचा डोंगर आणि डाळीचे नुसते पाणी! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले, की धान्यांतून येणारे उष्मांक शंभरात पंचेचाळीसच्या आत असावेत. बाकीचे डाळी, कडधान्ये, दूध, भाज्या, फळे, शेंगदाणे यांतून यावेत. म्हणजे आपल्याला भाकरी सोडायची नाही. तिला थोडी सरकवून डाळीला आणि भाजीला जागा करून द्यायची आहे.

कसे करायचे? चला, हिशेब करू.

एका चमच्यात पाच ग्रॅम साखर मावते. तिचे वीस उष्मांक. चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम. उष्मांक १६०. महिन्याला एका माणसाची बाराशे ग्रॅम साखर नुसत्या चहातच गेली! कपाला अर्धा चमचा करा. १२० उष्मांक वाचले. पैसेही वाचले.

एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागते. तिचे सुमारे सव्वादोनशे उष्मांक. चारच्या जागी तीन खा. त्या जागी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि दुप्पट पालेभाजी घ्या. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत ती दहाच्या आसपास. प्रथिनांनी पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. जेवताना आधी भाजी आणि उसळ खा, मग भाकरीला हात घाला.

फोडणीला तेल धारेने ओतू नका. चमच्याने मोजून घाला. तीन चमचे तेल म्हणजे सुमारे १३५ उष्मांक. भजी, वडे सणासुदीला ठेवा.

यात भाकरी थोडी कमी झाली, साखर कमी झाली, तेलही थोडे कमी झाले. एकही जिन्नस बाहेरून विकत आणावा लागला नाही. म्हणून हे जन्मभर चालेल. त्या दोन्ही परीक्षांतून मी तरी हेच शिकलो. ज्याला जे निभेल, तेच त्याला गुण देईल. महिनाभर कडक पथ्य पाळून पुढच्या महिन्यात पंगत झोडली, तर काय उपयोग?

कोणी हे करू नये?

गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, वाढत्या मुलाने, क्षयाच्या रोग्याने आणि अंगाने बारीक असलेल्या कष्टकऱ्याने जेवण कमी करू नये. त्यांना उलट जास्त पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डाळ-अंडी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बदलू नये. गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

आणि कोणाला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्या. मग काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नका. तसाच कुशीवर वळवून दवाखान्यात न्या.

शेवटची गोष्ट

बैठकीला येत राहिले त्यांचे वजन जास्त उतरले, असे मी मघाशी सांगितले. याचा अर्थ काय? एकट्याने पथ्य पाळणे जड जाते. सोबत असली की निभते. वारीला माणूस एकटा निघाला तर दोन कोसांत थकतो. दिंडीबरोबर पंढरपूर गाठतो.

आपल्या गावात बचत गट आहे. भजनी मंडळ आहे. महिन्यातून एक दिवस ठरवा. उपकेंद्रात जाऊन वजन करा, कंबर मोजा. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. एक वही करा. तारीख, वजन, कंबर, असे तीन रकाने आखा. आपले आकडे आपल्या हाताने लिहा. संध्याकाळी चार जणी मिळून अर्धा तास चालून या.

आक्कांचे पुढे काय झाले, ते विचारणार असाल. डॉक्टरांनी त्यांची गोळी कमी केली आणि जेवण आखून दिले. आता त्या सकाळी एक आणि रात्री एक भाकरी खातात. बरोबर उसळ आणि भाजी. चहा बिनसाखरेचा. पहिल्यांदा त्यांनी तोंड वाकडे केले, पण आता तोच आवडतो. आठ महिन्यांत पाच किलो वजन उतरले. पुतण्या म्हणाला होता महिन्यात दहा. आक्का हसून म्हणतात, "त्याचे दहा मला बांधावर पाडून गेले. माझे हे पाच अजून माझ्याजवळ आहेत."

मंडळी, उद्या सकाळी चहात साखर घालताना हात थोडा आवरा. तिथूनच सुरुवात करा.

राम राम!